पायथन ३.१२ वर जुना प्रोजेक्ट बसत नाही, फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट मारू नकोस. विंडोज नव्याने टाकशील, पुन्हा पायथन ३.१२ टाकशील, पुन्हा तीच फाइल चालवशील आणि अर्ध्या दिवसाने त्याच एररसमोर बसलेला असशील. (शेवटच्या वर्षाला आहेस, माझ्याकडे येणाऱ्या इंटर्नच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करतेय. राग मानू नकोस. आणि मोबाइलवर मराठी कीबोर्डने लिहितेय, त्यामुळे कमांडही देवनागरीत आहेत. टाइप करताना रोमन अक्षरांत कर.)

तुझी हकीकत मला समजली ती अशी. लासलगावच्या कांद्याच्या भावाचा अंदाज बांधणारा सीनियरचा २०२३ चा प्रोजेक्ट तुला पुढे न्यायचाय. त्याच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजची, म्हणजे तयार कोडच्या संचांची यादी) चार ओळी आहेत: नमपाय १.२३.५, पांडास १.५.३, सायकिट-लर्न १.२.२ आणि आवृत्ती न लिहिलेलं मॅटप्लॉटलिब. सोबत पिकल फाइल, म्हणजे ट्रेन केलेलं मॉडेल जिच्यात साठवलंय ती. तुझ्या लॅपटॉपवर पायथन ३.१२. इन्स्टॉल करताना नमपायवर अडलं आणि ‘पीकेजीयुटिल’मध्ये ‘इम्पइम्पोर्टर’ नाही अशी एरर आली. कोणीतरी सेटअपटूल्स (पॅकेज बांधायचं साधन) अपग्रेड करायला सांगितलं, उपयोग झाला नाही. दुसऱ्याने फाइलमधले आकडे खोडून ‘अपग्रेड’ लावायला सांगितलं. ते चाललं, पण तुझा मागच्या वर्षीचा द्राक्षघडांच्या फोटोंचा प्रोजेक्ट बंद पडला. वर व्हीएस कोड म्हणतो पांडास सापडत नाही आणि पिप (पॅकेज बसवणारं साधन) म्हणतं ते आधीच बसवलंय. रिव्ह्यू पुढच्या आठवड्यात.

तू विचारलंयस ‘नमपाय कसं बसवू’. पण इथे तीन वेगवेगळ्या भानगडी एकमेकींत अडकल्यात: या प्रोजेक्टला पायथन कोणतं हवं, दोन प्रोजेक्ट एकाच पायथनमध्ये का राहतायत, आणि तू टाइप करतोस ते पिप नेमक्या कोणत्या पायथनचं आहे. पॅकेज बसवणं त्यानंतर येतं. माझ्याकडे कोणी लॅपटॉप घेऊन आलं की मी आधी नवीन काहीच बसवू देत नाही. आतापर्यंत काय काय बसलंय ते बघते.

आधी पहिली एरर, कारण तिच्यातच बहुतेक सगळं आहे. नमपायचा मोठा भाग सी भाषेत लिहिलेला आहे. तो तुझ्या मशिनवर चालायचा तर कंपाइल झालेला हवा. नमपायवाले तो कंपाइल करून व्हील नावाच्या फाइलमध्ये देतात आणि त्या फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं की ती कोणत्या पायथनसाठी आणि कोणत्या सिस्टिमसाठी आहे. ‘सीपी३११’ म्हणजे पायथन ३.११, ‘विन_एएमडी६४’ म्हणजे ६४ बिटचं विंडोज. नमपाय १.२३.५ आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. पायथन ३.१२ आलं ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे त्या नमपायची ३.१२ साठी व्हील बनलेलीच नाही. व्हील मिळाली नाही की पिप गप्प बसत नाही, ते मूळ सोर्स उतरवतं आणि तुझ्या लॅपटॉपवर कंपाइल करायला घेतं. तू दुकानात तयार पीठ मागितलंस आणि दुकानदाराने गव्हाचं पोतं दिलं, असं झालं. आता गिरणी तू आण.

गिरणी का चालली नाही? ते नमपाय कंपाइल करताना सेटअपटूल्सची एक जुनी ठरावीक आवृत्ती मागतं आणि ती जुनी आवृत्ती ‘इम्पइम्पोर्टर’ वापरते, जे ३.१२ मधून काढून टाकलंय. तू सेटअपटूल्स अपग्रेड केलंस त्याचा उपयोग का झाला नाही, तेही यातच आलं. पिप कंपाइल करताना तात्पुरतं वेगळं एन्व्हायर्नमेंट तयार करतं, पॅकेजने मागितलेली हत्यारं त्यात आणतं आणि काम संपल्यावर मोडतं. तू अपग्रेड केलेलं सेटअपटूल्स त्याला दिसतच नाही. हा उपाय सगळीकडे फिरतो आणि दुसऱ्या काही एररला लागूही पडतो, या एररला नाही. ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० हवं’ अशी एरर आली की लोक काही जीबीचं बिल्ड टूल्स उतरवत बसतात, त्याचीही गोष्ट बहुतेक वेळा हीच असते. विंडोजवर नमपाय, पांडास, सायपाय यांपैकी काहीही कंपाइल व्हायला लागलेलं दिसलं की कंट्रोल-सी दाबून थांबव. तुझं पायथन आणि त्या पॅकेजचा काळ जुळत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

आता निर्णय. जुन्या आवृत्त्यांसाठी जुनं पायथन आणायचं, की पायथन ३.१२ ठेवून कोड नवा करायचा? हे परिस्थितीवर आहे. नुसता कोड असता आणि मॉडेल पुन्हा ट्रेन करता येत असतं तर मी कोड नवा करायला सांगितलं असतं. काम फार नसतं. पांडास २.० मध्ये डेटाफ्रेमचं ‘अपेंड’ गेलं, तिथे ‘कॉन्कॅट’ लिहायचं. नमपाय १.२४ पासून ‘एनपी डॉट फ्लोट’ गेलं, तिथे साधं ‘फ्लोट’. असे दहा-वीस बदल. पण तुझ्याकडे पिकल फाइल आहे आणि रिव्ह्यू जवळ आलाय. सायकिट-लर्नच्या एका आवृत्तीत साठवलेलं मॉडेल दुसऱ्या आवृत्तीत उघडेलच याची हमी सायकिट-लर्नवाले स्वतः देत नाहीत. कधी ते उघडतच नाही. कधी ‘इनकन्सिस्टंट व्हर्जन’ची वॉर्निंग देऊन उघडतं आणि आकडे बरोबर आहेत की नाही हे तुझं तुला शोधावं लागतं. मला ही दुसरी शक्यता जास्त वाईट वाटते, कारण एक्स्टर्नल परीक्षकासमोर भावाचा आलेख छान दिसेल आणि तो चुकीचा असेल. तेव्हा आत्ता जुनं पायथन. रिव्ह्यू झाला की नव्यावर ने.

कोणतं जुनं? फाइलमधल्या तिन्ही आवृत्त्यांना चालेल असं सगळ्यात नवं पायथन शोधायचं. नमपाय १.२३.५, पांडास १.५.३ आणि सायकिट-लर्न १.२.२ या तिघांच्याही व्हील ३.११ पर्यंत आहेत. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेज आणतं ती साइट) प्रत्येक आवृत्तीच्या ‘डाउनलोड फाइल्स’ पानावर जाऊन ‘सीपी’पुढचा आकडा बघितला की दोन मिनिटांत कळतं. तेव्हा ३.११. इथे एक खाचखळगा आहे: पायथनच्या साइटवर ३.११ च्या यादीत सगळ्यात वरच्या आवृत्तीवर क्लिक केलंस तर विंडोजचा इन्स्टॉलरच सापडणार नाही. ३.११.९ (एप्रिल २०२४) नंतरच्या ३.११ च्या आवृत्त्या फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी आहेत आणि सोर्स स्वरूपातच मिळतात. तू ३.११.९ घे. पायथन ३.१२ काढायची गरज नाही, दोन्ही शेजारी नांदतात. इन्स्टॉल करताना ‘पाथमध्ये टाका’ ही खूण मात्र या वेळी करू नकोस.

मग टर्मिनलमध्ये ‘पाय -०’ टाइप कर. लॅपटॉपवर असलेल्या सगळ्या पायथनची यादी येईल. त्यात ३.११ दिसलं की प्रोजेक्टसाठी साधा फोल्डर कर, समज सी ड्राइव्हवर थेट ‘कांदा’. वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉपवर नको. तिथे हजारो छोट्या फाइल सिंक होत राहतात, मधेच एखादी लॉक होते आणि पिप ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतं. फोल्डरमध्ये जाऊन ‘पाय -३.११ -एम व्हेन्व .व्हेन्व’. आता त्या फोल्डरपुरतं स्वतंत्र पायथन तयार झालं, यालाच व्हेन्व म्हणतात. ते ॲक्टिव्हेट करताना पॉवरशेलने ‘या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ म्हटलं तर साधा कमांड प्रॉम्प्ट उघड आणि तिथून ‘.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’ कर. मशिनची पॉलिसी बदलत बसण्यापेक्षा हे सोपं.

रिक्वायरमेंट्स फाइलला हात लावण्याआधी एक लक्षात घे. सीनियरने चारच नावं लिहिली, पण सायकिट-लर्नच्या मागून सायपाय, जॉबलिब वगैरे येतात आणि त्यांच्या आवृत्त्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्यामुळे २०२३ च्या सायकिट-लर्नला नंतरचं, बरंच नवं सायपाय मिळेल. चालेलही कदाचित, पण मी असल्या फाइलमध्ये त्याच काळातल्या आवृत्त्या स्वतःहून भरते. तू ‘सायपाय==१.१०.१’ ही ओळ वाढव, ती फेब्रुवारी २०२३ ची आहे आणि ३.११ वर बसते. नमपायचा आकडा अजिबात खोडू नकोस. पांडास १.५.३ ने नमपाय ‘किमान अमुक’ एवढंच मागितलंय, वरची मर्यादा घातलेली नाही. सायपायची ओळ न वाढवता आकडा खोडलास तर पिप खुशाल नमपाय २ आणेल आणि पांडास इम्पोर्ट करताना ‘नमपाय डीटाइप साइझ चेंज्ड, बायनरी इनकम्पॅटिबिलिटी’ असं काहीतरी येईल.

आता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --ओन्ली-बायनरी :ऑल: -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’. सुरुवातीचं ‘पायथन -एम’ सोडू नकोस, कारण खाली सांगते. ‘ओन्ली-बायनरी’ म्हणजे व्हील मिळाली तर घे, नाहीतर सरळ नाही म्हण. त्यामुळे काही बिघडलंच तर दोन पानांच्या कंपाइल एररऐवजी एका ओळीत कळतं की अमुक आवृत्ती सापडली नाही. मधे एखाद्या पॅकेजच्या तीन-चार आवृत्त्या एकामागून एक उतरताना दिसतील, घाबरू नकोस. २०२० च्या शेवटी आलेल्या पिप २०.३ पासून पिप असं मागे मागे जाऊन जुळणारी जोडी शोधतं. झालं की ‘पायथन -एम पिप चेक’, मग सीनियरची पिकल उघडून एखाद्या जुन्या तारखेचा अंदाज त्याच्या रिपोर्टमधल्या आकड्याशी ताडून बघ. जुळलं की ‘पायथन -एम पिप फ्रीझ’चं आउटपुट ‘लॉक.टीएक्सटी’ नावाने साठव. त्यात मागून आलेली सगळी नावंही आकड्यांसकट असतात. हीच फाइल जपायची. व्हेन्व फोल्डर बिघडला तर खुशाल उडव आणि या फाइलवरून पाच मिनिटांत पुन्हा उभा कर. कोणीही व्हेन्व ‘दुरुस्त’ करत बसलेलं दिसलं की मला राहवत नाही.

द्राक्षांचा प्रोजेक्ट का पडला? नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं आणि त्यात कंपाइल झालेल्या कोडच्या पातळीवर बदल झाले. नमपाय १ धरून कंपाइल केलेलं पॅकेज नमपाय २ वर चालत नाही. उलट दिशेने मात्र चालतं: नमपाय २ धरून कंपाइल केलेलं १ वरही चालू शकतं. तुझं ओपनसीव्ही (फोटोंवर काम करणारं पॅकेज) त्याआधीचं आहे आणि तू ‘अपग्रेड’ लावल्याने त्याच्या पायाखालचं नमपाय बदललं. पिपने सावध का केलं नाही? कारण त्या ओपनसीव्हीनेही ‘किमान १.२६’ एवढंच लिहून ठेवलं होतं. पुढे काय मोडणार आहे हे बनवणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. ‘पिप चेक’ची मर्यादा तीच आहे, ते लिहिलेल्या अटी तपासतं, प्रत्यक्षात चालतंय का ते नाही.

द्राक्षांच्या प्रोजेक्टला स्वतःचं व्हेन्व कर, ३.१२ वरच, आणि त्यात “नमपाय<२” बसव. अवतरणचिन्हं घालायचीच. ती नसतील तर ‘<’ला टर्मिनल स्वतःची खूण समजतं आणि फाइल सापडत नाही म्हणून ओरडतं. ‘>=’च्या बाबतीत तर अवतरणाशिवाय कमांड प्रॉम्प्ट तक्रारही करत नाही, फोल्डरमध्ये आवृत्तीच्या आकड्याच्या नावाची एक फाइल तयार होते आणि पॅकेज मात्र भलतंच येतं. इंटर्नच्या फोल्डरमध्ये ही फाइल दिसली की काय झालं ते विचारावं लागत नाही.

व्हीएस कोडचं भांडण सगळ्यात सोपं. ‘पिप --व्हर्जन’ कर, शेवटी एक पाथ आणि पायथनचा आकडा येईल. मग व्हीएस कोडमध्ये ‘इम्पोर्ट सिस’ करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छाप. दोन्हीकडे वेगळा पाथ दिसेल. पिप एका पायथनमध्ये भरत होतं आणि कोड दुसऱ्यात चालत होता, दोघंही खरं बोलत होते. म्हणून ‘पायथन -एम पिप’: जे पायथन चालणार त्याच्याच पिपला हाक जाते. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी, ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’, आणि फोल्डरमधलं ‘.व्हेन्व’ निवड. नोटबुक असेल तर वर उजवीकडे कर्नल (नोटबुक ज्यावर चालतं ते पायथन) वेगळा निवडावा लागतो, तो लोक विसरतात. नोटबुकच्या सेलमधून बसवायचं असेल तर ‘%पिप इन्स्टॉल’, म्हणजे ते त्याच कर्नलमध्ये जातं. आणि तुझ्या फोल्डरमध्ये ‘पांडास.पाय’ किंवा ‘रँडम.पाय’ नावाची स्वतःची फाइल नाही ना, तेवढं बघ. पायथन आधी तीच उचलतं.

खरा तंटा तुझ्याकडे अजून आलेला नाही, पण येईल. एक पॅकेज म्हणतं नमपाय २ च्या खाली, दुसरं म्हणतं २ किंवा वर. पिप ‘रेझोल्यूशन इम्पॉसिबल’ म्हणून थांबतं आणि खाली दोघांच्या मागण्या छापतं. तिथे नवं काही शोधू नकोस, छापलेल्या ओळींत दोन्हीकडे आलेलं नाव शोध. त्यावर तू स्वतः आकडा लावला असशील तर तो आधी सैल कर, आणि दोन्ही पॅकेजेस एकाच कमांडमध्ये माग. वेगवेगळ्या कमांडने बसवलंस तर दुसरी कमांड पहिलीचं मोडते, लाल अक्षरांत तक्रार करते आणि शेवटी ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हणते. ते ‘सक्सेसफुली’ वाचून लाल ओळी सोडायच्या नाहीत. तरी जुळलंच नाही तर दोन व्हेन्व आणि मधे एक सीएसव्ही. अंबडच्या एका कारखान्यात मशिनची रीडिंग वाचणारी लायब्ररी पुरवठादाराने जुन्या पायथनसाठीच दिलेली होती आणि रिपोर्टला नवं पांडास हवं होतं. एक स्क्रिप्ट जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये रीडिंग फाइलमध्ये टाकते, दुसरी नव्यामध्ये ती उचलते. दिसायला शोभिवंत नाही, पण दोघांना एका घरात कोंबण्याच्या खटपटीपेक्षा कितीतरी टिकाऊ.

कोंडा, पोएट्री, यूव्ही या पॅकेज आणि एन्व्हायर्नमेंट सांभाळणाऱ्या साधनांतलं काय वापरू असंही विचारलंयस. या आठवड्यात काहीच नको. पुढे यूव्ही जरूर बघ, ते वेगवान आहे आणि हवं ते पायथन स्वतःच आणतं. कोंडा वापरलंस तर त्यात पिपची मिसळ शक्यतो शेवटी आणि कमीत कमी. मित्राच्या उबुंटूवर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर आली तर त्यालाही व्हेन्वच सांग. ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय लावायला सांगणारे भेटतील, पण त्याचं नाव एकदा नीट वाच.

रिव्ह्यू कॉलेजच्या लॅबमधल्या मशिनवर असेल तर आणखी एक. व्हेन्वचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून नेऊ नकोस, त्याच्या आत तुझ्या लॅपटॉपचे पाथ लिहिलेले असतात आणि तिथे तो चालणार नाही. सातपूरच्या शॉपफ्लोअरवर इंटरनेट नसलेल्या पीसीसाठी आम्ही करतो तेच कर. घरी त्याच ३.११ च्या व्हेन्वमधून ‘पायथन -एम पिप डाउनलोड -आर लॉक.टीएक्सटी -डी व्हील्स’, सगळ्या व्हील एका फोल्डरमध्ये उतरतील. तो फोल्डर, लॉक फाइल, तुझा कोड आणि पायथन ३.११.९ चा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर. लॅबमध्ये पायथन फक्त तुझ्या युजरपुरतं टाक, त्याला सहसा ॲडमिन पासवर्ड लागत नाही, मग नवं व्हेन्व आणि ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स व्हील्स -आर लॉक.टीएक्सटी’. लॅबचं वायफाय, प्रॉक्सी, कशाचीच गरज नाही. फक्त लॅबचं विंडोजही ६४ बिटचंच आहे ना, ते आदल्या दिवशी जाऊन बघून ये आणि तिथेच एकदा सगळं चालवून बघ.

एवढं करूनही अडलास तर चार गोष्टी इथे टाक: ‘पाय -०’, ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’, ‘पायथन -एम पिप लिस्ट’ यांचं आउटपुट आणि पूर्ण एरर, पहिल्या ओळीपासून. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी कर. स्क्रीनशॉटमध्ये नेमकी वरची ओळ कापलेली असते.